पट्ट्यांच्या अलीकडे

कय्युमची अट सरळ होती. या आठवड्यात गाडीला ओरखडा न येता बीडच्या बाजारातून फळं केजपर्यंत आली, तर टेम्पो यापुढे यास्मिननंच चालवायचा. ओरखडा आला, तर चावी जाकीरकडे. जाकीर म्हणजे कय्युमचा भाचा, गॅरेजवाला. कय्युमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला स्टेअरिंगला हात लावायला बंदी केली होती. फळांचा गाळा मात्र रोज उघडावाच लागत होता. यास्मिन त्याची थोरली मुलगी. तिनं लायसन्स काढलं तेव्हा कय्युम घरात हसला होता, आणि आता तिच्या शेजारी बसून रस्त्याकडे तिच्यापेक्षा जास्त बारकाईनं बघत होता.

मांजरसुंब्याचा घाट तिनं नीट पार केला. केज गावात शिरतानाही एकदाच, बैलगाडीला वाट देताना, कचकन ब्रेक लागला. कय्युम काही बोलला नाही. तिनं ते कौतुकच मानलं.

चौकातला सिग्नल बंद होता. तो बसवला तेव्हा थोडे दिवस पिवळा दिवा उघडझाप करत होता, मग तोही थांबला. खांबावर आता वाढदिवसाचे फ्लेक्स लागत. खाली रस्त्यावर पांढरे पट्टे होते आणि पट्ट्यांवर एक पाऊल टाकून चतुराबाई उभी होती. मेंढपाळ घरातली बाई, डोक्यावर पदर, हातात औषधाची पिशवी. तिला पलीकडे जायचं होतं.

यास्मिननं आरशात बघितलं, वेग कमी केला आणि पट्ट्यांच्या अलीकडे टेम्पो थांबवला.

चतुराबाईनं टेम्पोकडे बघितलं. मग हात हलवला.

"न्हाई बसायचं मला. जा तुमी."

"बसा म्हणत न्हाई मावशी. जावा पल्याड."

"पल्याडच जायचंय. लांब कुठं जायचं न्हाई. जा तुमी फुडं."

या रस्त्यावर गाडी थांबते ती सीट भरायला. दुसऱ्या कारणानं थांबलेली गाडी चतुराबाईनं बघितलेली नसावी. तेवढ्यात मागचा फाळका वाजला. खांद्यावर पोतं घेतलेला एक माणूस डाळिंबांच्या क्रेटवर पाय देऊन वर चढत होता.

"आंबाजोगाई ना?" त्यानं विचारलं.

"अरे उतर, उतर बे," कय्युम खिडकीतून ओरडला. "फळाची गाडी हाय ती."

"मग थांबली कावून?"

उत्तर द्यायच्या आत टेम्पोला मागून धक्का बसला. फार जोराचा नव्हता. पोतंवाला क्रेटवर बसला आणि काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मागे सीटा भरत फिरणाऱ्या आसारामची काळीपिवळी जीप होती, आत माणसं कोंबलेली. आसाराम खाली उतरला तो थेट कय्युमच्या खिडकीशी आला. यास्मिनकडे त्यानं बघितलंच नाही.

"चाचा, पोरीच्या हातात गाडी दिली व्हय? भर रस्त्यात थांबली की ती."

"पट्ट्यावर माणूस होतं," यास्मिन म्हणाली.

"सिग्नल लाल हाय का? दाव मला."

"बंद हाय. बंद असला तरी पट्ट्यावर माणूस असलं की थांबायचं. अन् मागच्यानं अंतर ठेवायचं. नियम हाय."

"ऐका," आसाराम जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला. "बंद सिग्नलला थांबायचं. मग चालू झाल्यावर काय करायचं, गाडी डोक्यावर घ्यायची?"

लोक हसले. पानटपरीवाला म्हणाला, पोरगी शिकाऊ दिसते. कुणीतरी म्हणालं, सिग्नल बंद म्हणजे रस्ता मोकळा, एवढं लहान लेकराला पण कळतं. पोतंवाला खाली उतरून आपलं पोतं झटकत म्हणाला की थांबायचं होतं तर बसू द्यायचं होतं. चतुराबाई बाजूला उभी राहून अपराध्यासारखी ऐकत होती. आपल्यामुळे काहीतरी झालं हे तिला कळलं होतं, नेमकं काय झालं ते नाही.

यास्मिननं मागे जाऊन बघितलं. डावा लाल दिवा फुटला होता आणि पत्र्यावर बोटभर ओरखडा होता. फार नव्हता. पण अटीला पुरेसा होता.

आसारामनं काळीपिवळी मागे घेतली, टेम्पोला वळसा घातला आणि तो पट्ट्यांवरून निघून गेला. कय्युमनं इंजिन बंद करून चावी काढली.

"जाकीरला बोलवतो. तो नेईल गाळ्यापत्तर."

"अब्बा, चूक त्याची हाय."

"असू दे. फुटली आपली."

जाकीरचं गॅरेज समोरच होतं, रस्त्याच्या पलीकडे. कय्युम टेम्पोसमोरून पट्ट्यांवर गेला आणि उभ्या टेम्पोच्या आडोशाबाहेर पाऊल टाकताच मागे सरला. उजवीकडून गाड्या येत होत्या आणि उजव्या डोळ्याला अजून धुरकट दिसत होतं. एक ट्रॅक्टर गेला, मग दोन मोटारसायकली, मग एसटी. तो पुन्हा पुढे झाला, पुन्हा मागे आला. शेजारी चतुराबाई तेच करत होती.

"मेंढरं संगं असली की थांबत्यात," ती त्याला म्हणाली. "मेंढरू मेलं तर आमची बाप्ये माणसं गाडी सोडत न्हाईत. एकलीला कोण थांबतंय."

यास्मिन पुढे आली आणि पट्ट्यांवर हात आडवा करून उभी राहिली. एका मोटारसायकलवाल्यानं तिच्या हाताला वळसा घातला आणि जाता जाता विचारलं, "कुठला मोर्चा हाय?" कय्युमनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. मग त्यानं मोबाइल काढला.

"जाकीर, बाहेर ये. हिकडं ये, पट्ट्यावर."

पलीकडे जाकीर हात पुसत बाहेर आला. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. मोबाइल कानालाच होता.

"मामू, गाड्या लई हायेत. तुमीच या की."

"मला आलं असतं तर तुला कावून बोलवलं असतं?"

दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना मोबाइलवर बोलत उभे राहिले. ऊन चढलं होतं. टेम्पोत पपया होत्या. मागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न एकसारखे वाजत होते. शेवटी कय्युम परत आला, सीटवर बसला आणि चावी यास्मिनच्या पुढे धरली.

"चल. माल तापायलाय."

तिनं चावी लावली, पण गाडी हलवली नाही. चतुराबाई टेम्पोच्या पुढून निघाली होती. या वेळी ती थांबली नाही. पिशवी छातीशी धरून, पळत, ती कशीबशी दुभाजकापर्यंत पोहोचली आणि तिथं अडकली, कारण पलीकडच्या बाजूनं गाड्या सलग येत होत्या.

"चल की," कय्युम म्हणाला. "अन् फुडच्या पट्ट्यावर थांबायचं न्हाई."

"माणूस असलं तर थांबणार."

"उद्यापासून चावी जाकीरकडं."

यास्मिननं पहिला गिअर टाकला.

"त्याला अगोदर रस्ता ओलांडू द्या, अब्बा."

कय्युमनं डाव्या डोळ्यानं पलीकडे बघितलं. जाकीर अजून तिथंच उभा होता.