स्नेहलची अपघातवही

आपल्या मुलांच्या हातून काही चुकू नये, असं कुणाला वाटत नाही? सुमतीबाईंनाही तेच वाटत होतं.

नवीन पनवेलमधल्या एका मराठी शाळेत त्या दहावीला गणित शिकवायच्या. वर्ष होतं एकोणीसशे पंच्याण्णव. त्या वर्षी खांदा कॉलनीत एका तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये विश्वजीत नावाच्या तरुणाने कॉम्प्युटर क्लास काढला. टायपिंग वगैरे शिकवून झालं की संध्याकाळी तो मुलांना गेम खेळू द्यायचा. कॉलनीत बोलणी सुरू व्हायला तेवढं पुरलं. कुणी म्हणे डोळे जातात, कुणी म्हणे मुलं हिंसक होतात. परदेशात एका मुलाने म्हणे गेम बघून खरंच कुणाला तरी मारलं, असं कुणीतरी पेपरात वाचलं होतं. कुठल्या पेपरात, ते कुणालाच आठवत नव्हतं.

तशातच बाईंच्या वर्गातली स्नेहल शनिवारच्या जादा तासाला दोनदा आली नाही. कोन गावची हुशार मुलगी, फक्त त्रिकोणमितीला घाबरणारी. ती त्या क्लासमध्ये गेम खेळत बसते, असं बाईंच्या कानावर आलं. तिचे वडील काशिराम शाळेत आले, तेव्हा बाईंनी स्पष्ट सांगितलं, "मुलगी कॉम्प्युटरच्या नादाला लागलीय. वेळीच आवरा."

काशिरामनी मान हलवली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून स्नेहल शाळेत दिसेनाशी झाली. आजारी असेल, असं बाईंना वाटलं. त्या वेगळ्याच कामात होत्या. क्लासमधले गेम बंद करावेत, असा अर्ज त्यांनी लिहिला होता आणि त्यावर पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. पहिली सही घरातल्या वडीलधाऱ्यांची असावी, म्हणून दुपारच्या चहाबरोबर त्यांनी तो सासऱ्यांसमोर ठेवला.

सासऱ्यांना सगळे दाजी म्हणायचे. हवाई दलातून निवृत्त झालेले, अंगाने सडपातळ, स्वभावाने मिश्कील. त्यांनी चष्मा लावून अर्ज नीट वाचला, घडी घातली आणि परत केला.

"सुमती, मी नाही सही करणार."

"का हो दाजी?"

"कारण मी रोज चार वाजता तिथेच असतो."

"तुम्ही? तुम्ही तर फिरायला जाता ना!"

"फिरतोच की. विमानातून फिरतो." दाजी हसले. "तू त्या क्लासमध्ये पाऊल तरी टाकलंयस का?"

बाईंनी पाऊल टाकलं नव्हतं.

"मग चल. बघ, आणि मग वाटलं तर दोन सह्या घे माझ्या."

क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर होते. बाईंना बघून विश्वजीत ताडकन उभा राहिला. एका कॉम्प्युटरवर दाजींनी विमानाचा गेम लावला. पडद्यावर खाली काट्यांच्या सहा तबकड्या आणि वर हिरवी जमीन, राखाडी धावपट्टी, लांबवर त्रिकोणी डोंगर.

"हे डोंगर? आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुली याहून बरे काढतात," बाई म्हणाल्या.

"डोंगर खोटेच आहेत. पण हे काटे खरे आहेत. उंची, वेग, दिशा. नाक फार वर उचललंस की वेग पडणार. वारा आडवा असला तर सरळ जाऊनही वाकडीच पोचणार. आमच्याकडे याहून साधं यंत्र होतं. जमिनीला पक्कं बसवलेलं लाकडी विमान. पोराला आत बसवायचं आणि वर झाकण लावायचं. आत नुसते काटे आणि बाहेर टेबलाशी मी. बावीस वर्षं मी वैमानिकांना शिकवलं, सुमती, आणि स्वतः एकदाही विमान चालवलं नाही. इथे चालवतो."

एकाच घरात राहूनही इतक्या वर्षांत ही गोष्ट बाईंनी कधी विचारलीच नव्हती.

मग त्या स्वतः खुर्चीत बसल्या. विमान उडालं! बाईंनी आनंदाने विमान वळवायची दांडी जोरात मागे ओढली, नाक आभाळाकडे गेलं, काटा खाली आला आणि विमान गोल फिरत जमिनीवर आदळलं. पडद्यावर काचेला तडे गेले.

"परत एकदा," बाई पटकन म्हणाल्या. तीनदा आपटून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. पाऊण तास गेला होता!

"बघा, हाच तर दोष!" त्या ओशाळून म्हणाल्या. "वेळेचं भान राहत नाही. आणि विमान पडलं तरी काय, एक बटण दाबलं की पुन्हा नवं. मुलांना मरणाची किंमतच कळणार नाही."

"अगदी बरोबर," दाजी म्हणाले. "म्हणून इथे माझा एक नियम आहे. आपटलं की खुर्चीतून उठायचं. काय चुकलं ते वहीत लिहायचं. लिहिल्याशिवाय पुढची पाळी नाही. आमच्याकडे एक शिकाऊ पोरगा यंत्रात विमान पाडून हसला होता. त्याला मी म्हटलं, आत्ता तू मेलास, आता कसा मेलास ते मला सांग. त्याचं हसू थांबलं, पण त्या दिवसापासून तो शिकायला लागला."

त्यांनी खणातून एक शंभर पानी वही काढली. वरच्या कोपऱ्यात नाव होतं, स्नेहल काशिराम म्हात्रे. बाईंनी पानं उलटली.

'अपघात चौथा. उतरायला उशीर केला. धावपट्टी संपली.'

'अपघात अकरावा. वारा हिशोबात धरला नाही. २७० ला जायचं होतं, २५५ ला गेले. पंधरा अंश चुकले.' त्याखाली पट्टीने आखलेला त्रिकोण होता, आणि कोन मोजलेले.

वर्गात त्रिकोणमिती नको म्हणून बाकाखाली लपणारी मुलगी ती हीच!

"जादा तास बुडवून आली ते चूकच," दाजी म्हणाले. "ते मला माहीत नव्हतं, नाहीतर मीच परत पाठवली असती. आणि तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचा माणसं मारण्याचा गेम मलाही आवडत नाही. विश्वजीतला तसं सांगितलंय. पण सगळं एकाच कागदावर लिहून बंद करा म्हणायचं? बरं, आहे कुठे ती? आठ दिवस आली नाही."

बाईंच्या हातात वही तशीच राहिली. स्नेहल शाळेतही येत नव्हती. आणि का येत नव्हती, ते आता त्यांना कळलं!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाई रिक्षा करून कोनला गेल्या. काशिराम अंगणात पेंढ्याची उडवी रचत होते. स्नेहल पेंढे उचलून देत होती. बाईंना बघून तिने मान खाली घातली.

"काशिरामभाऊ, मुलीला शाळेत का पाठवत नाही?"

"तुमीच सांगितलंव ना, आवरा म्हनून? आवरली. आता चैत्रात पावनं बघायला येनार हायत."

पंधरा वर्षांची पोर!

"मी चुकले," त्या म्हणाल्या. स्नेहलने चमकून वर बघितलं. "न बघताच बोलले. तुमची मुलगी तिथे वाया जात नव्हती. शिकत होती."

काशिरामनी हातातला पेंढा खाली ठेवला. ते रागावले नव्हते, पण त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता.

"बाई, आमी शिकलेलं नाय. तुमी बोलता ते आमी खरं धरतू. परवा वाईट, आज चांगलं. आमी कुनाचं ऐकायचं?"

बाई म्हणाल्या, "माझंही ऐकू नका. चला, स्वतः बघा. बघून तुम्हाला पटलं नाही, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

काशिराम हात धुऊन सदरा चढवून आले.

क्लासमध्ये स्नेहल पडद्यासमोर बसली आणि काशिराम तिच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. दाजी नुसते बघत होते. विमान वळलं, खाली आलं, वाऱ्याने एकीकडे सरकलं. स्नेहलने ओठ दाबून दांडी हलकेच फिरवली. धावपट्टी जवळ आली. काशिराम ओरडले, "संभाल गो बाय!" चाकं टेकली, विमान एकदा उसळलं आणि सरळ धावत जाऊन थांबलं!

"हा खेल खरा हाय का खोटा?" काशिरामनी कपाळ पुसत विचारलं.

"विमान खोटं आहे," दाजी म्हणाले. "ते उतरवायला लागलेली अक्कल खरी आहे. ती तुमच्या मुलीची."

काशिराम लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पावन्यांना येव नका म्हनून सांगतू. पन शनिवारचा तास बुडवायचा नाय."

स्नेहल सोमवारी शाळेत आली.

बाईंनी जुना अर्ज फाडला आणि विश्वजीतबरोबर बसून नियम ठरवले. शाळेच्या वेळेत गेम नाही, एका वेळी अर्धा तास, माणसं मारण्याचे गेम मुलांना नाहीत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांनी येऊन मुलांशेजारी बसायचं. पहिल्या रविवारी चारच पालक आले. पुढच्या दिवाळीनंतर खुर्च्या कमी पडू लागल्या. टीका करणारे अजूनही होते, पण आता ते आपण काय बघितलं ते सांगून टीका करत.

स्नेहल वैमानिक झाली नाही. तिने डिप्लोमा केला आणि यंत्रं दुरुस्त करणारी, घराबाहेर पडून कमावणारी कोनमधली पहिली मुलगी झाली.

वाचकहो, नवी गोष्ट दारात आली की आपण तिला देव तरी करतो, नाहीतर सैतान. दोन्हींत कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसण्यात, त्याला कशात आनंद वाटतो ते समजून घेण्यात, आणि मग काय ठेवायचं, काय काढायचं ते त्याच्याबरोबर ठरवण्यात. आपल्या एका शब्दावर कुणाच्या तरी लेकीची शाळा सुटू शकते. म्हणून बोलण्याआधी एकदा जाऊन बघावं, आणि चुकलो असलो, तर ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांच्या दारात जाऊन तसं सांगावं!