बॉक्सरचा आशीर्वाद

माझा नवरा धनंजय त्रेचाळिसाव्या वर्षीही इथे लखनौत बॉक्सिंग खेळतो. गेल्या महिन्यात त्याचा विशीतला प्रतिस्पर्धी रजनीश लढतीआधी त्याच्या पाया पडला. ह्याने ‘जीतते रहो’ म्हटलं आणि तो जिंकला. दोघांची पुन्हा लढत ठरली तेव्हा मी बजावलं होतं, ‘ह्या वेळी तोंड बंद ठेव.’ काल तेलीबागेत पोरगं वाकलं, ह्याचा हात आपोआप वर गेला आणि आशीर्वाद देऊनही झाला. दुसऱ्याच फेरीत महाशय आडवे.

घरी गाल शेकत म्हणाला, ‘मला आशीर्वादच नडतोय. नाहीतर अजून दोन वर्षं सहज खेळेन.’

‘मग पुढच्या वेळी स्वतःच्याच पाया पड,’ मी म्हणाले.

तो लगेच उठून वाकला. हात गुडघ्यांपर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले.

‘देवयानी,’ तो म्हणाला, ‘जरा सरळ कर मला.’