अब्बांच्या कोटावरचा बिल्ला

बँडमास्तरच्या छातीवरचे बिल्ले खरे की खोटे, हे इंदापुरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. वरातीत माणसानं नाचावं, की बिल्ले तपासत बसावं! जे चमकेल ते कोटावर टाचायचं, ही या धंद्याची रीतच. खाजा मास्तरचा लाल कोट त्याच्या बापाचा, वाजिद मास्तरांचा. त्यावरचे बाकीचे बिल्ले बदलत गेले, डावीकडचा एक मात्र कधी हलला नाही. सोनेरी क्रूस, मधोमध मुकुट, भोवती निळी कडा.

त्या बिल्ल्याची खाजाला लहानपणापासून धास्ती. अब्बा वालचंदनगरला एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर क्लॅरिनेट वाजवायला जात, तिथूनच एकदा तो घेऊन आले होते. "कुठनं आनला?" म्हणून पोरानं विचारलं, तर अब्बांनी ओठांवर बोट ठेवलं. "कुनाला सांगायचं न्हाय." खाजानं त्याचा एकच अर्थ लावला आणि तो पोटात ठेवूनच त्याचे केस पिकले. अब्बा गेले, पण अम्मा, म्हणजे ताजबी, बिल्ला काढू देईना. ईद आली की चिंचेनं घासून लखलखीत करायची. तिला विचारायची खाजाची छाती झाली नाही. ती 'व्हय' म्हणाली तर?

परवा ऋषिराजचा परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, मारुतीच्या देवळाकडं. ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळं त्याचा जर्मन साहेबही फेटा बांधून नाचत होता. नाचता नाचता तो थबकला. खाजाच्या छातीकडं टक लावून बघायला लागला.

खाजाचा सूर घसरला. त्यानं अंग वळवलं, साहेब वळसा घालून त्या बाजूला आला. त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. खाजाला वाटलं, आता पोलीस येणार, बंगल्याचं नाव निघणार, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. पळावं तर गळ्यात क्लॅरिनेट आणि मागं घोडा!

देवळापाशी बाजा थांबला. साहेब नवरदेवाच्या इंग्रजी येणाऱ्या बहिणीला, राजलक्ष्मीला, हाताला धरून घेऊन आला आणि त्यानं बिल्ल्याकडं बोट दाखवलं. माणसं गोळा झाली. खाजाचा धीरच सुटला.

"सायेब, मी न्हाय! माज्या बापानं चोरला त्यो! बंगल्यावरनं! बाप मेला, आता मला कशाला धरताय?"

नवरदेवाचे आजोबा, आबाजी, यांच्या लग्नात वाजिद मास्तरांनीच वाजवलं होतं. ते काठीवर रेलून नुसते बघत राहिले.

"मास्तर, चोरीचं कोन काय म्हनलं?" राजलक्ष्मी हळूच म्हणाली. "ते सांगत्यात, पूर्वी त्यांच्याकडं राजा व्हता. दरबारातल्या कारकुनांना, कारभाऱ्यांना त्यो हा मान द्यायचा. ह्यांच्या खापरपणज्याला मिळाला व्हता. पर मानूस मेला की बिल्ला राजाला माघारी धाडायचा, असा नियमच. मग ह्यांच्या घरात कुनी बघितलाच न्हाय. नुसता हात लावू का, एवढंच इचारत्यात."

साहेबानं दोन बोटांनी बिल्ल्याला हात लावला. त्याचे डोळे भरून आले. चोरीचं काही राजलक्ष्मीनं त्याला सांगितलं नाही, पण बाकीच्या सगळ्यांना मराठी येत होतं.

घरी ताजबी उंबऱ्यात बसली होती. खाजानं कोट काढला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं.

"चोरतील कशाला?" ती हसलीच. "बंगल्यावरच्या सायबाचा बाप तिकडं जर्मनीत वारला, सायबाला जाता आलं न्हाय. तर तुज्या बापानं रेकॉर्डवर ऐकून त्यांच्या मुलखातली धून बसवली न् वाजवली. सायेब ल्हान पोरावानी रडला. मागनं बापाचा बिल्ला टपालानं आला. राजाच उरला न्हवता, माघारी देनार कुनाला? मडमेनं सोताच्या हातानं ह्यांच्या छातीवर टाचला."

"मग सांगायचं न्हाय का म्हनले?"

"बँडातली पोरं जळतील म्हनून. नजर लागंल म्हनून. दुसरं काय!"

खाजानं कोटावरचा बिल्ला काढून हातात घेतला. गल्लीत काठीचा आवाज आला. ताजबीनं मान वर करून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आबाजी दिसत्यात. लई दिसांनी आलं. ह्यांची आठवन काढाया आलं असतील. चा टाकू का रं?"

बिल्ला मुठीत घेऊन खाजा तसाच उभा राहिला. मघाशी देवळापाशी आबाजींनी काय ऐकलं, ते अम्माला ठाऊक नव्हतं.