लाँड्रीतला आवाज

आमच्या लाँड्रीत हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. मोठी मशिनं सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत घरघरत राहतात. साधं पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. माझी बहीण मशिनं सांभाळते, मी इस्त्री करते. तिची लेक शाळेतून आली की चादरींच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करते. धडा वाचते तोही ओरडून, आईला ऐकू जावं म्हणून. मीच तिचं नाव भोंगा ठेवलं.

पोरगी हुशार आहे. मावशी म्हणून सांगत नाही. कौतुक माझ्या तोंडून सहजी निघत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शाळेतही ती तशीच ओरडून उत्तरं द्यायची, आणि बाईंना ती उद्धट वाटायची. आधी मागच्या बाकावर बसवली, मग वर्गाबाहेर उभी केली. आता तिला शेवटच्या तुकडीत टाकायचं चाललं होतं. तिथे शिकवणं नावालाच. तिथून वर आलेलं मूल आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

तेच सांगायला बाई स्वतः लाँड्रीत आल्या. शांतपणे बोलू लागल्या. ओठ हलताना दिसले, शब्द एकही कळेना. बहिणीने कान पुढे केला. बाईंनी आवाज चढवला, तरी नाही. शेवटी गळ्याच्या शिरा ताणून त्या ओरडल्या, "तुमची मुलगी वर्गात ओरडून बोलते!"

आणि थांबल्या. मला हसू दाबता आलं नाही. त्या मशिनांकडे, मग चादरींवर पडलेल्या दप्तराकडे बघत राहिल्या. ही अभ्यास इथेच करते का, असं त्यांनी मला विचारलं. इथे नाही तर काय राजवाड्यात, मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, तसा माझाही राग गेला. तुकडी बदलणार नाही, हेही त्यांना जाताना ओरडूनच सांगावं लागलं.

मग त्या मालकाला भेटल्या. संध्याकाळी तासभर मशिनं बंद ठेवायची, त्या वेळात आम्ही घड्या आणि इस्त्री उरकायची, असं ठरलं. मालक कुरकुरला, पण तयार झाला. शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यातल्या बायकांची पोरंही दप्तरं घेऊन येऊ लागली.

पहिल्या दिवशी बाईही आल्या होत्या. मशिनं थांबली आणि भोंग्याने सवयीने जोरात सुरुवात केली. बाई म्हणाल्या, हळू वाच, आता ऐकू येतं. मग ती हळू वाचू लागली. इतका मऊ आवाज आमच्या पोरीचा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी इस्त्री बाजूला ठेवली.

बहीण मात्र स्टूल ओढून तिच्या ओठांकडे टक लावून बसली होती. इतकी वर्षं मशिनांपाशी काढून तिचे कान गेलेत. पोरीच्या ते लक्षात आलं आणि तिने पुन्हा आवाज चढवला. बहिणीने तिच्या गालावर हात ठेवला.

"हळूच वाच," ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "मला नाही ऐकू आलं तरी चालेल."