मिठाचं गाणं

“मांडवातलं गाणं मांडवातच ठेवायचं, पोरी. देवीला हाक मारली की ती निघते. ती दारात आली आणि बसायला पाट नसला, तर तोंड कुठं लपवशील?”

लीलाबाईचे हे शब्द ती गेल्यापासून तेवीस वर्षं सीमाला पाठ होते. पण शब्दच, आवाज मात्र हळूहळू पुसत चालला होता. लीलाबाई तिची आजी. जव्हारकडच्या त्यांच्या वारली पाड्यावरची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गायल्याशिवाय लग्न लागत नसे. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. आणि आज, शुक्रवारी सकाळी, बहरीनमध्ये, हमद टाउनमधल्या घरी खाकी पाकिटातून तिचा आवाज आला होता.

पाकिटात एक कॅसेट, गाण्यांवरची एक जुनी पुस्तिका, संमतीच्या सहीचा कागद आणि एका विद्यापीठातल्या मेधाबाईंचं पत्र. सीमाने ते तिसऱ्यांदा वाचलं. चौतीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका प्राध्यापकांनी पाड्यापाड्यांवर फिरून गाणी टेप केली होती. ते आता हयात नव्हते, टेपा कोठीत धूळ खात पडल्या होत्या. ‘ज्यांचे आवाज, त्यांना आम्ही कधी विचारलंच नाही,’ मेधाबाईंनी लिहिलं होतं. ‘आता सगळं पाड्यांना परत द्यायचं आहे. विद्यापीठात त्यासाठी एक खोली मिळाली आहे. तिथं कुणी काय ऐकायचं, ते तुमची माणसं ठरवतील. पाड्यावरच्या दोन मुली इथं शिकतील आणि ते काम सांभाळतील. उद्घाटनाला तुमच्या आजींचं अकरावं, मिठाचं गाणं वाजवावं, अशी कुलगुरूंची फार इच्छा आहे. तुमच्या आई म्हणाल्या, सीमा सांगेल ते. रविवारी पत्रिका छापायला जाते, त्याआधी कळवा.’

“अहो, लावा ना टेप!” सीमा घाईघाईने दाबत होती आणि कॅसेट खाचेत बसेना.

“आण इकडं. अस्करला कारखान्यात एवढाल्या मोटरी चालू करतो मी, ही काय चीज आहे!” असं म्हणत तिच्या नवऱ्याने, रामजीने, ती उलटी घातली. तो अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता.

“बाबा, द अदर साइड,” कस्तुरी सोफ्यावरून म्हणाली. तिला अकरावं वर्ष होतं. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच.

आधी कोंबडा आरवला. मग कुणी पोर खोकलं. आणि मग लीलाबाई गाऊ लागली.

सीमा टेपला कान लावून खालीच बसली. तोच तो आवाज, जरासा फाटका, प्रत्येक ओळ संपताना वर उचलला जाणारा. “अगं बाई! अगं, ही तीच! अहो ऐका, ही आजी, आणि मागून सूर ओढून धरतेय ना, ती माझी आई! अठ्ठावीस वर्षांची असेल तेव्हा!” तिने कस्तुरीला ओढून शेजारी बसवलं. “ऐक, तुझ्या पणजीला ऐक!”

“शी साउंड्स लाइक यू व्हेन यू आर अँग्री,” कस्तुरी म्हणाली, तसा रामजी खो खो हसला.

भाताचं गाणं झालं, उंबराचं झालं, बोळवणीचं झालं. चौथ्याला सीमा उठून फेर धरायला लागली. रामजीलाही तिने हात धरून उठवलं, टीपॉय भिंतीकडे गेला आणि कस्तुरी “ओ माय गॉड” म्हणत स्वतःच मध्ये घुसली. दहा गाणी संपेपर्यंत चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा, भात करपला. कुणाला पत्ता नव्हता.

मग टेपमध्ये एक पुरुषाचा आवाज आला, शहरी, आर्जवी. “आजी, पुढचं?”

लीलाबाई म्हणाली, “मिट. मिट आथां.”

“मीठ!” तो आवाज आनंदला. “क्रमांक अकरा. मिठाचं गाणं.”

सीमाने आधी रामजीकडे पाहिलं. रामजीने तिच्याकडे. आणि दोघांना एकदम हसू फुटलं.

“मिट म्हणतेय ती! टेपचा डबा मिट म्हणतेय!” सीमाला बोलवेना. त्यांच्या पाड्यावर दार मिटतात, तोंड मिटतात, डबाही मिटतात. रामजीने त्या प्राध्यापकांची पुस्तिका उघडून मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली, “‘मीठ हे वारली स्त्रीच्या अश्रूंचं प्रतीक होय...’ बावीस पानं आहेत गो, बावीस! आजीने एक शब्द टाकला आणि माणसाने अख्खी मिठागरं उभी केली!”

“वॉट्स सो फनी?” कस्तुरी विचारत राहिली.

हसण्याच्या गडबडीत टेप पुढे चाललीच होती. लीलाबाई आता हळू, दबक्या आवाजात गात होती, आपल्या बायकांपुरती. त्या दिवशी पाड्यावर लग्न असणार, म्हणून तिला गावंच लागलं. ही देवीला हाक होती. दुसऱ्या ओळीवर सीमाचं हसू गेलं. तिने झडप घालून बटण दाबलं.

“मम्मी! इट वॉज नाइस!”

“तिने बंद करा म्हटलं होतं, कस्तुरी. त्यांनी केलं नाही.”

तिने कॅसेट काढून हातात धरली. बाहेर राउंडअबाउटवर बसचा हॉर्न वाजला.

“आता हे सभागृहात वाजवणार,” सीमा म्हणाली. “खुर्च्या, हारतुरे, मंत्री. आणि देवीला हाक.”

रामजीने सहीचा कागद हातात घेतला. “बघ बाई. एवढं प्रेमानं देतायत. तू नाय म्हणालीस आणि ते रागावले, तर खोलीही खलास आणि त्या दोन पोरींचं शिक्षणही. म्हणतील, ह्या लोकांना काही द्यायला जावं तर ह्यांचे नखरे.”

“तसं म्हणाले, तर ते दिलंच नव्हतं म्हणायचं.” ती हळूच बोलली, पण फोनकडे निघालीसुद्धा.

मेधाबाई घरीच होत्या. सीमाने सगळं सांगितलं. ‘मिट’ दोनदा म्हणून दाखवलं. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“हॅलो? मॅडम?”

“सीमाताई,” मेधाबाई म्हणाल्या, “सात वर्षं झाली, मी वर्गात मीठ शिकवतेय.” आणि त्या हसू लागल्या, हसता हसता आवाज ओला झाला. “पोरांनी परीक्षेत लिहिलंय हो! मार्क दिलेत मी! आणि त्या बिचाऱ्या बंद करा म्हणत होत्या.”

“रागावलात?”

“तुमच्यावर? काहीतरीच! बोला, आता आम्ही काय करायचं? तुम्ही सांगाल तसं.”

सीमाने असा प्रश्न मोठ्या माणसांकडून कधी ऐकला नव्हता. तिने रिसीव्हर नीट कानाशी धरला.

“दहा गाणी वाजवा. मोठ्यांदा वाजवा. मग तिचं ते ‘मिट’ सगळ्यांना ऐकू द्या, मंत्र्यांनाही. आणि तिथंच बंद करा. तिचं म्हणणं एकदा तरी पाळलं जाऊ दे.”

“आणि अकरावं?”

“ते पाड्यावर द्या. ज्या बाया लग्न लावतात, त्यांच्या हातात. तुमच्याकडे नक्कलही नको.”

“नाही ठेवणार,” मेधाबाई म्हणाल्या. “कुलगुरूंना पटवायला उद्या सकाळी जाते. न पटलं तरी मूळ टेप माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. ती वाजणार नाही. खोलीचं म्हणाल, तर आता तिची खरी गरज कळली.” मग म्हणाल्या, “पण ताई, एका शब्दात एवढा घोळ, तर बाकीच्या दहा गाण्यांत आम्ही काय काय करून ठेवलं असेल? तुम्ही शब्द नीट लिहून द्याल? कुलगुरूंपुढे निदान पहिलं गाणं ठेवता आलं तर...”

“देते. उद्या तुम्ही निघायच्या आत फॅक्स करते. शब्द दिला.”

फोन ठेवला तेव्हा रामजी दारात उभा होता. “काय म्हणाल्या?”

“विचारलं त्यांनी,” सीमा म्हणाली, “काय करू म्हणून मला विचारलं!” तिने त्याला गदागदा हलवलं. करपलेल्या भाताचं पातेलं कस्तुरीने उचललं आणि नाक चिमटीत धरलं, आणि तिघांनी लोणच्याबरोबर तोच भात खाल्ला.

दिवसभर सीमा टेप मागे-पुढे करत राहिली. एकेक ओळ ऐकायची, लिहायची, आजी जसं म्हणते तसंच, शुद्ध करायला न जाता. एका शब्दापाशी अडली तेव्हा तिने पाड्याच्या दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं आणि विचारलं. तिकडून आईने अख्खं कडवंच गाऊन टाकलं.

शनिवारी पहाटे रामजी शिफ्टला गेला. कस्तुरी झोपलेली. बहरीनचं घड्याळ अडीच तास मागे. मेधाबाई नऊच्या सुमाराला घर सोडणार. राउंडअबाउटवरचा जमालुद्दीन फॅक्सचं दुकान फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर लगेच उघडतो, हे तिने कालच विचारून ठेवलं होतं. सीमाने आंघोळ उरकली, देवापुढे दिवा लावला, लिहिलेली दोन पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पदर खांद्यावरून घेतला आणि कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून ती जिना उतरू लागली.