धक्क्यावरच्या दोन खुर्च्या

आर्डिसला हॉस्पिसमध्ये जायची भीती वाटत होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं काय, तर कार्ड व्हायचंय.

कार्ड म्हणजे दुकानातलं दुमडलेलं पुठ्ठ्याचं नव्हे हं. अमेरिकेत, मिनेसोटातल्या तिच्या गावात बायका दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमायच्या, पातळ कॉफी ढोसायच्या आणि आजारी, एकट्या, खचलेल्या माणसांसाठी धीराची कार्डं करायच्या. उघडलं की आतून अख्खं घर उभं राहावं, असली कार्डं. कागद कापायला मशीन, बाकी सगळं हातानं. या बायकांची म्होरकी लावोन. आर्डिसला मशीन शिकवलं तिनंच, आणि शिकवताना टोमणेही भरपूर मारले. कापलेल्या कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "केस निघालेत, बये. पातं बोथट झालंय. फॉइलचा गोळा करून त्यात पातं टोच चार वेळा, किती वेळा सांगू?" आर्डिस दर वेळी विसरायची.

आता त्याच लावोनच्या डोक्यात गाठ झाली होती. डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस काढायच्या घरात, हलवलं. तळ्यापलीकडचं ते बैठं घर आर्डिसला पाठ होतं. तिचा नवरा ऑरिन तिथेच वारला होता. त्या पॅसेजमधला साबणाचा वास नुसता आठवला तरी ती हातातली गाडीची किल्ली परत खुंटीला लावायची.

"कधी येतेस?" लावोननं फोनवर विचारलं.

"कार्ड होऊ दे, मग येतेच."

"कार्ड गेलं खड्ड्यात. तू ये."

"अगं, रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"रिकामाच आण. मला धरायला हवाय."

आर्डिसनं फोन ठेवला आणि तिनं काय करावं? गाडीची किल्ली घ्यावी की नाही? बाईनं मशीन सुरू केलं. माणूस घाबरला की असाच वेड्यासारखा वागतो, आणि वर स्वतःला शहाणा समजतो.

कार्ड मात्र तिनं जीव ओतून मांडलं होतं. उघडलं की निळ्या कागदाच्या लाटा एकामागे एक उभ्या राहणार, मधून लाकडी धक्का पुढे येणार आणि धक्क्याच्या टोकाला दोन खुर्च्या. लावोनच्या तळ्याकाठच्या खोपटापुढे होत्या तशाच. किती उन्हाळे दोघी तिथे बसल्या होत्या, डास मारत, अख्ख्या गावाची उणीदुणी काढत! खाली जाड, उठावाची अक्षरं: मी आहे ना.

खुर्च्यांनी घोळ घातला. त्यांच्या पट्ट्या काडीएवढ्या. मशीनच्या चिकट मॅटवरून उचलायला गेलं की फाटायच्या. आर्डिसनं पुन्हा कापल्या, त्याही फाटल्या. मग लाटांचा निळा तिला गडद वाटायला लागला, म्हणून लाटा बदलल्या. मग कार्ड मिटेना, म्हणून घड्या बदलल्या. लावोनचा पुन्हा फोन आला, तेव्हा आर्डिस म्हणाली, "आता फक्त खुर्च्या राहिल्यात गं." पलीकडे लावोन नुसतीच हसली. त्या हसण्यात नेहमीचा टोमणा नव्हता. आर्डिसला ते कळलं, आणि कळूनही तिनं नवा कागद घेतला.

त्यानंतर फोन आला तो लावोनच्या मुलीचा, ट्रूडीचा.

"आर्डिस, आईची नजर गेली. बोलते, पण मध्येच भरकटते. यायचं असेल तर आजच या."

आर्डिसच्या हातातून चिमटा गळून पडला. असतील तशा खुर्च्या तिनं चिकटवल्या, कोट अंगात अडकवला आणि गोंद ओला असतानाच कार्ड घेऊन निघाली. पॅसेजमध्ये तोच साबणाचा वास होता. पण या वेळी ती थांबली नाही. चार पावलांचा तर पॅसेज होता. एवढ्यासाठी आपण इतके दिवस घालवले?

लावोन उशीला टेकून होती, एवढीशी झालेली. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे.

"कोण, नर्सबाई का?"

"मी आहे गं, आर्डिस."

"छे. आर्डिस नाही यायची. तिचं कार्ड व्हायचंय."

"झालं कार्ड. हे बघ, आणलंय." आर्डिसनं ते उघडून तिच्या हातात ठेवलं.

लावोनची बोटं लगेच कामाला लागली. डोळे गेले होते, बोटं कुठे गेली होती! लाटांवरून फिरली, धक्क्यावरून पुढे सरकली आणि टोकाला थबकली.

"खुर्च्या," ती म्हणाली. "दोन." मग अंगठा कडेवरून गेला आणि तिला हसूच फुटलं. "केस निघालेत! बोथट पात्यानं कापलंय सटवीनं. फॉइलचा गोळा म्हणून घसा कोरडा केला मी."

ट्रूडी हसली. आर्डिसही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. आता ओळखेल, आता नाव घेईल, असं तिला वाटलं.

बोटं खालच्या अक्षरांवर आली. "मी... आहे... ना." लावोनचा चेहरा उतरला. "आहे म्हणे! कुठाय?"

"आई, अगं ही काय, तुझ्याजवळ बसलीय," ट्रूडी म्हणाली.

"लावोन, मीच गं," आर्डिसनं तिचा हात घट्ट धरला. "चुकलं माझं. आधीच यायला हवं होतं. मी आलेय, बघ ना."

लावोननं तो हात चाचपला, समजूत काढावी तसा थोपटला.

"गार पडलेत हो तुमचे हात, नर्सबाई," ती म्हणाली. "माझं एक काम कराल? माझ्या मैत्रिणीला फोन करा. म्हणावं, कार्ड पोचलं, छान झालंय. आता तरी ये."

"करते," आर्डिस म्हणाली, आणि हात न सोडता तिथेच बसून राहिली.