नत्थूबाबूचा काटा

शर्त लागली रविवारी सकाळी, मुंगोडीच्या शेवटच्या नगावरून.

बुढापारा हा आमचा पारा, म्हणजे मोहल्ला. तिथल्या आमच्या गल्लीत, माह्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो होतो. मी, आन समोरच्या घरातले तुळशीराम भाऊ. भाऊ रेल्वेच्या मालगोदामातून रिटायर. बत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलं त्यांनी, त्यामुळं आजही मुंगोडी खाताना उजवा हात कोरडा ठेवतात आन डाव्यानं खातात. पानाच्या दोन्यात मुगाच्या डाळीचं एकच भजं, म्हणजे एकच मुंगोडी उरली होती. दोघांचेही डोळे तिच्यावर.

"यशोधन," भाऊ म्हणाले, "तुमचं ते सॉफ्टवेअर उरल्याच्या कारखान्यात सात दिवस बी चालत नाई. लिहून देतो."

"तुमच्याच पोरीनं बनवलं ना भाऊ ते?"

"म्हणूनच सांगून राहिलो. आमच्या गोदामात तीन वेळा कॉम्प्युटर आला. तिन्ही वेळा मी त्याच्यावर रजिस्टर ठेवून लिहिलं. उंची मस्त होती त्याची."

आता आमच्या कंपनीचं सांगतो. कंपनीत माणसं दोन. भाऊची पोट्टी मंजिरी, ते डोक्याचं काम करते. आन मी, जो तोंडाचं काम करतो. कारखान्यांच्या ऑफिसात जाऊन चहा पिणं, मॅनेजरले हसवणं, आन आमचं सॉफ्टवेअर त्याच्या गळ्यात मारणं. मंजिरीनं ट्रकचं वजन अन् गेटपास सांभाळणारं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. उरला म्हणजे शहराबाहेरची कारखान्यांची वस्ती. तिथल्या एका रोलिंग मिलनं, म्हणजे लोखंडाच्या सळया बनवणाऱ्या कारखान्यानं सांगतलं, सात दिवस चालवून दाखवा. आजूबाजूचे आणखी नऊ कारखाने वाट पाहून राहिले होते का इथं चालते का फसते. यालेच पायलट म्हणतात. बारातीले वाढाच्या आधी भाजी घरच्या माणसाले चाखवाची, बस तेच.

"चाललं त?" मी विचारलं.

"चाललं त मी तिच्या नोकरीसाठी एक बी फॉर्म भरणार नाई. नाई चाललं त पोरगी गुपचाप रेल्वेच्या परीक्षेले बसन. फॉर्म मी भरून ठेवला हाये."

समोर त्यांच्या दारात उभ्या मंजिरीनं हे ऐकलं. "पापा, मेरे से पूछा?"

"तुले काय विचाराचं. तुह्या आईले विचारलं."

"मले नाई विचारलं," त्यांच्या घरातून तिच्या आईचा, भीमाबाई वहिनीचा आवाज आला.

मी म्हणालो, "भाऊ, हे त बापलेकीचं झालं. माह्या-तुमच्यात काय?"

भाऊनं विचार केला. तेवढ्यात गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत आली. मागच्या पायरीवर कचरा उचलणारी पायल दीदी उभी, हातात माइक. भाऊच्या चेहऱ्यावर अशी चमक आली का मले तेव्हाच उठून जायले पाहिजे होतं.

"जो हरन तो लग्नातला कोट घालून या गाडीच्या मागं उभा राहीन. पूर्ण पाऱ्याचा कचरा उचलन. माइकवर बोलन."

"मंजूर!" मी म्हणालो आन शेवटची मुंगोडी तोंडात टाकली. माह्या घरातून माही बायको वनमाला म्हणाली, "कोट आत्ताच उन्हात टाकून ठेवू का?"

सोमवारपासून काम. मंजिरीनं मिलच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. पहिल्या दिवशी फक्त गेटवरचा कॉम्प्युटर. दुसऱ्या दिवशी काट्यावरचा, म्हणजे जिथं ट्रकचं वजन होते तिथला. मंग माल रवाना करणाऱ्या खोलीतला. जुनं सॉफ्टवेअर काढाचं नाई, बाजूले झोपवून ठेवाचं. काही अडलं त दहा मिनिटांत जुन्यावर वापस. मी त्या कागदाकडे पाहून म्हणालो, "अबे, लग्नाची पत्रिका बी एवढी मोठी नसते."

आन हे लावाच्या आधी ते पोट्टी दोन दिवस काट्यावर नुसती बसून होती. उरल्याच्या त्या काळ्या धुळीत, लोखंडी स्टुलावर. काहून? त नत्थूबाबूसाठी.

नत्थूबाबू म्हणजे काटाबाबू. अठ्ठावीस वर्षांपासून त्याच खोलीत. दुबळा माणूस, खांद्यावर गमछा, आन गुडाखूचं व्यसन. गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी पेस्ट, बोटानं दातावर घासतात. नत्थूबाबूची पद्धत अशी का डाव्या हाताचं बोट तोंडात आन उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर. मधात हात बदलले का कीबोर्ड चॉकलेटी. त्याच्या कॉम्प्युटरवर 'आर' आन 'टी' कोणता ते फक्त त्यालेच माहीत होतं.

पहिल्याच दिवशी नत्थूबाबूनं मंजिरीले एकच विचारलं होतं. "बाई, हे मशीन आमच्यावर नजर ठेवाले आणली का? बाजूच्या कारखान्यात मशीन आली, त्या बाबूले घरी पाठवलं."

मंजिरी म्हणाली, "नाही बाबूजी. ये सिर्फ ट्रक को देखती है. आपको नहीं देखती. मेरा वादा."

"हव," नत्थूबाबूनं मान हलवून होकार दिला. बस, तेवढ्या 'हव'वर सगळं चालू झालं.

आन काय चाललं सांगू! पाच दिवस एक फोन नाई. ट्रक काट्यावर चढला, वजन आपोआप स्क्रीनवर, नत्थूबाबूनं बटण दाबलं का पर्ची निघाली आन गेटवर नंबर पोचला. गेटवाला तो नंबर पाहूनच ट्रक बाहेर सोडे. मंजिरी रोज संध्याकाळी नत्थूबाबूजवळ बसून विचारे, काय अडलं. भाऊ रोज संध्याकाळी मले विचारत, "रजिस्टर उघडलं का कोणी?" मी म्हणो, "नाई भाऊ, तुमचा कोट कोणत्या रंगाचा होता?"

आता माही गोष्ट ऐका. मी एक्कावन्न वर्षांचा हाये. एवढ्या वर्षांत पाच दिवस सलग गप बसाची मले सवय नाई. सहाव्या दिवशी सकाळी मी घरी बसलो होतो. काम नाई, धंदा नाई, सगळं नीट चाललेलं. असं सगळं नीट चाललं का माह्या पोटात गुदगुल्या होतात. माह्या लॅपटॉपवर दुरून कोणत्याही मशीनमध्ये शिराची सोय होती. मंजिरीनं दिली होती, मदतीसाठी. मी काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो आन स्क्रीनच्या मधोमध मेसेजचा एक डब्बा टाकला. मोठ्या अक्षरात:

"नत्थूबाबू, गुडाखूचं बोट कीबोर्डले लावू नका. मी पाहून राहिलो."

आन एकटाच हसलो. एवढा हसलो का वनमालानं पाणी आणून दिलं.

अर्ध्या तासानं मंजिरीचा फोन. "काका, काट्यावर गडबड है. ट्रक की लाइन रोड तक लग गई. चलो."

माह्या स्कूटरवर मागं मंजिरी. आन तिच्या ऍक्टिवावर भाऊ, कारण भाऊले वास लागला होता. उरल्यात पोचलो तर अकरा ट्रक एकामागं एक, ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊन राहिले. काट्याच्या खोलीत मॉनिटरवर नत्थूबाबूचा गमछा पांघरलेला, जसं कोणी मेलं. पुढं एक अगरबत्ती. आन नत्थूबाबू बाहेर नीमच्या झाडाखाली एका ड्रमवर रजिस्टर ठेवून लिहून राहिले, हात साबणानं धुतलेले, पांढरेफक. पण गेटवाल्याले रजिस्टरचं काय, त्याले मशीनमधून नंबर पाहिजे. जुनं सॉफ्टवेअर बी त्याच कॉम्प्युटरात, आन त्याले हात लावाले नत्थूबाबू तयार नाई. म्हणून एक बी ट्रक हलेना.

भाऊनं रजिस्टर पाहिलं आन त्यांचे डोळे भरून आले. "काय अक्षर हाये बाबू तुमचं!" मंग माह्याकडे वळून हळूच म्हणाले, "कोट काढा."

मंजिरी नत्थूबाबूजवळ उकिडवी बसली. "क्या हुआ बाबूजी?"

"बाई, तुम्ही म्हणाले होते ते पाहत नाई. ते पाहते. माह्या बायकोले पंधरा वर्षांत माहीत नाई झालं मी गुडाखू लावतो. त्याले आठवडाभरात माहीत झालं. आता ते मालकाले सांगन. माही तीन वर्षं राहिली नोकरीची."

मी हसत नव्हतो, हे लिहून ठेवतो.

तेवढ्यात मॅनेजर अनिमेष बाबू आले, घामानं लाल. "क्या है ये? वायरस है?"

मी लगेच म्हणालो, "हव सर, व्हायरस. एकदम खतरनाक. बाहेर देशातून येऊन राहिला."

मंजिरी आत गेली. गमछा उचलला, दोन-तीन बटणं दाबली. तिनं त्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी बनवली होती, कोण कधी आत आलं ते आपोआप लिहिलं जाते. तिनं ती यादी पाहिली. मंग माह्याकडे पाहिलं. बस पाहिलं. माह्या आईनं बी मले असं नव्हतं पाहिलं कधी, आन तिले त मी शेजाऱ्याची बकरी रंगवलेली माहीत होती.

ती बाहेर आली. भाऊ तिथंच उभे. तिले माहीत होतं, व्हायरस म्हणाली त पायलट वाचते, नऊ कारखाने वाचतात, रेल्वेची परीक्षा टळते. तिनं दम घेतला.

"नहीं सर. वायरस नहीं है. ये हमारे काका हैं."

अकरा ड्रायव्हरांनी माह्याकडे मान वळवली.

"दस बयालीस पे इन्होंने बाहर से आके मैसेज डाला. मजाक में. गलती हमारी है. आपकी मशीन में ऐसे कोई घुस सके, ये दरवाजा मैंने ही खुला छोड़ा था."

अनिमेष बाबूनं कपाळ पुसलं. "तो आज मैसेज, कल वजन बदल दोगे? बंद करो सब. उठाओ अपना सामान."

त्याचं बरोबर होतं, काय करता. मंजिरी वाकून वायर काढू लागली. मी बाजूले बसून त्या वायरी गुंडाळू लागलो. तोंडाचं काम करणारा मी, आज हाताच्या कामाले लागलो.

नत्थूबाबू ड्रमवरून उठले. "थांबा बाई. म्हणजे मशीन पाहत नाई?"

"नाई बाबूजी."

"आन हे पाहत होते?"

"ते बी नाई. अंदाजानं लिहिलं."

नत्थूबाबू माह्याजवळ आले. दोन बोटांचं अंतर. "घरी जाऊन माह्या बायकोले सांगन का हा माणूस?"

"नाई सांगत बाबू," मी म्हणालो. "आईची शपथ. माफ करा."

"साहेब," नत्थूबाबू मॅनेजरले म्हणाले, "इतके दिवस मशीन सोन्यासारखी चालली. माहा हात दुखत नव्हता. मशीन राहू द्या. या माणसाले काढा."

अनिमेष बाबूनं त्या अकरा ट्रककडे पाहिलं. "इसको कैसे निकालोगे?"

मंजिरी खुर्चीत बसली. सगळ्यांच्या समोर पहिलं माहं नाव मशीनमधून खोडलं. मंग अर्धा तास काहीतरी टकटक केलं. ड्रायव्हरलोक दारात गर्दी करून पाहून राहिले. शेवटी उठून म्हणाली, "बाबूजी, आता बाहेरून कोणी आत येऊ म्हटलं त आधी तुम्हाले विचारन. स्क्रीनवर दोन बटणं येतील. 'हव' आन 'नाई'. तुमच्या हवशिवाय मी बी आत येऊ शकत नाई."

"काका, कोशिश करो," तिनं मले लॅपटॉप दिला.

मी बटण दाबलं. काट्याच्या स्क्रीनवर आलं: यशोधन आत येऊ का?

नत्थूबाबूनं 'नाई' दाबलं.

"पुन्हा," ड्रायव्हर ओरडले. मी पुन्हा दाबलं. नाई. पुन्हा. नाई. सहा वेळा त्या माणसानं मले नाई म्हटलं आन प्रत्येक वेळी मजा वाढत गेली त्याची. सहाव्यांदा त्यानं खिशातली गुडाखूची डब्बी काढली, बोटानं दातावर आरामात घासलं, आन दुसऱ्या हातानं, साफ हातानं, पहिल्या ट्रकची पर्ची काढली. एक तासात अकराही ट्रक रस्त्यावर.

अनिमेष बाबू म्हणाले, "फिर से गिनती. आज एक. सात दिन."

वापस येताना चौकात सिग्नलवर भाऊची ऍक्टिवा माह्या बाजूले थांबली. मंजिरी माह्या मागं, तोंड फुगवून. भाऊ समोर पाहत म्हणाले, "शर्त पहिल्या सात दिवसांची होती. मी जिंकलो."

"हो पापा. बैठ जाऊंगी परीक्षा में."

भाऊनं हॉर्न वाजवला. काहून वाजवला माहीत नाई, समोर कोणीच नव्हतं. "फॉर्म मी भरला ना? मंग परीक्षेले मीच बसतो. तू उद्या काट्यावर जाय. त्या बाबूचं अक्षर पाहून ये, रजिस्टरचे फोटो काढून आण." हिरवा लागला आन भाऊ भुर्रकन गेले.

मागं मंजिरीनं माह्या पाठीत एक गुच्चा दिला. दणकून. तेव्हा मले कळलं का ती बोलणार हाये माह्याशी अजून.

दुसऱ्या फेरीचे सात दिवस निघाले, एक बी घोळ नाई. नऊपैकी चार कारखान्यांनी बोलावलं. बाकी पाच विचार करून राहिले.

आन मंग आला रविवार.

माहा लग्नातला कोट, मरून रंगाचा, एकोणतीस वर्षांआधीचा. वनमालानं दोन्ही बाजूले सेफ्टीपिन लावून बंद केला. श्वास घ्यायची सोय नव्हती. गल्लीच्या तोंडावर कचरागाडी उभी. गल्लीतले सगळे ओट्यावर, भीमाबाई वहिनी खुर्ची घेऊन. भाऊच्या हातात मुंगोडीचा दोना, पूर्ण भरलेला, एकट्याचा.

मी मागच्या पायरीवर चढलो. कोट पाठीत उसवला. आवाज माइकमधून पूर्ण पाऱ्याले ऐकू गेला.

"बोला!" भाऊ ओरडले.

"बुढापाऱ्याच्या भैया-दीदीहो," मी माइकवर म्हणालो, "मी यशोधन. मी तुळशीराम भाऊसंग शर्त हरलो. स्वतःच्याच हातानं हरलो. बाल्ट्या आणा."

बाल्ट्या आल्या. अशा आल्या जशा दिवाळीले बी येत नाईत. लोकांनी शेजारच्या गल्लीतून मागून आणल्या. मी पहिली उलटली त पायल दीदीनं हातावर चापट मारली. "अंकल! गीला हरे में, सूखा नीले में! पढ़े-लिखे हो कि नहीं?"

"थोडे थोडे," मी म्हणालो.

"तो उतारो, फिर से डालो."

वाकून मी आंब्याच्या सालीतून प्लास्टिकच्या पिशव्या वेचल्या. मंजिरी व्हिडिओ काढून राहिली होती, हसून हसून फोन हलत होता तिचा. तेवढ्यात गर्दीतून एक सायकल आली. नत्थूबाबू. ब्राह्मणपाऱ्यातून, स्वतःच्या घरची बाल्टी हँडलले अडकवून. मागं कॅरियरवर त्यांची बायको बसलेली. त्या माउलीकडे पाहून मी गप. शपथ होती.

नत्थूबाबूनं बाल्टी माह्या हातात दिली. वर भाजीच्या काड्या, खाली कागदात गुंडाळलेल्या चार रिकाम्या गुडाखूच्या डब्ब्या. त्यांनी हळूच डोळा मारला आन माइक माह्या हातातून घेतला.

"नीट वेगळं करा, यशोधन भैया," पूर्ण बुढापाऱ्याले ऐकू जाईन असं ते म्हणाले. "मी पाहून राहिलो."